काओश्युंग ते मागोंग, चाळीस मिनिटं

बीश्वांगला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने एका दमात सांगितलं असतं, "काओश्युंग ते मागोंग, अंतर एकशे चाळीस किलोमीटर, विमानाला वेळ चाळीस मिनिटं, आणखी काही मदत?" काओश्युंगच्या एका प्रवास कंपनीत ती अकरा वर्षं फोनवर बसत होती. लोक विचारायचे, इथून तिथे किती लांब, किती वेळ लागतो, वाऱ्यामुळे विमान रद्द होईल का, आणि ही सांगायची. आवाज गोड, चेहरा दगडाचा. फोनवर चेहरा दिसत नाही, एवढं एकच सुख त्या नोकरीत होतं.

ती स्वतः समुद्रापलीकडच्या मागोंगकडची. म्हणजे मागोंगला उतरून मोटारीने तीन पूल ओलांडले की पश्चिमेच्या बेटावर जे शेवटचं गाव लागतं, तिथली. आणि त्या घरी ती तीन वर्षांत एकदाही गेली नव्हती. कारण विचाराल तर धड एकही नाही. भांडण नाही, रुसवा नाही. लांब राहणारी माणसं वर्षातून एकदा का होईना, नेम धरून घरी जातात. जवळची माणसं म्हणतात, काय, चाळीस मिनिटं तर आहेत, कधीही जाऊ. त्या 'कधीही'मध्ये तीन वर्षं कशी गेली ते तिलाही कळलं नव्हतं.

शिवाय आईच येत होती. दर दुसऱ्या मंगळवारी, काओश्युंगच्या हॉस्पिटलात औषध चढवून घ्यायला. बीश्वांगचा थोरला भाऊ माओफा मागोंगच्या विमानतळावर सामान चढवायचं काम करायचा. तो आईला शिडीपर्यंत सोडायचा आणि इकडे बीश्वांग तिला उतरवून घ्यायची. आई घड्याळ वापरत नसे. विमान हललं की ती पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढायची आणि सोलायला बसायची, दाणे एका निळ्या पत्र्याच्या डब्यात. विमान थांबलं की डब्याचं झाकण लावायची. "पाऊण डबा," ती उतरल्या उतरल्या सांगायची. कधी वारा फार असला की विमान वर घिरट्या घालत राही, तेव्हा डबा काठोकाठ भरायचा. डबा लेकीच्या हातात द्यायची आणि मग म्हणायची, "चल, टोचून घेऊ."

शेवटच्या खेपेला डब्याचा तळ जेमतेम झाकला होता. "हाताला जोर नाही," आई म्हणाली. तो डबा बीश्वांगने उघडलाही नाही. त्यानंतर आई परत गेली नाही, अठरा दिवस हॉस्पिटलात राहिली आणि गेल्या शुक्रवारी सकाळी साडेनऊला गेली.

शेवटचा श्वास घरी घ्यावा ही सगळ्या बेटाची रीत. पण त्या आठवड्यात ईशान्येचा वारा असा सुटला होता की दोन दिवस एकही विमान उडालं नाही. माओफाने तिकडून फोन करून करून डोकं पिकवलं, पण वाऱ्याला काय सांगणार? वारा पडला, तेव्हा आई नव्हती. माओफा पहिल्या विमानाने आला, दहन झालं, आणि काल तो घरी पुढची तयारी करायला परत गेला. राहिलं होतं ते आईला घरी न्यायचं. अस्थी तर न्यायच्याच, पण मुख्य म्हणजे जीव न्यायचा. हा मान थोरल्या मुलाचा. पण आईने मरायच्या आदल्या दिवशी माओफाला फोनवर सांगून ठेवलं होतं, "मला श्वांगने आणायचं." का, ते सांगितलं नाही. माओफाला ते झोंबलं होतं, आणि झोंबलं की तो लपवत नसे.

गेलेल्या माणसाला नेताना वाटेत सगळं सांगत जावं लागतं. दार आलं, जिना आला, वळण आलं, पूल आला. नाही सांगितलं तर जीव मागे राहतो, कारण त्याला आता वाट दिसत नाही, फक्त आपल्या माणसाचा आवाज ऐकू येतो. बुधवारी सकाळी बीश्वांग निघाली तेव्हा तिच्या छातीशी कापडात बांधलेला अस्थींचा घडा होता, हातात बांबूच्या काठीला लावलेलं आईच्या नावाचं कागदी निशाण, आणि खांद्याच्या पिशवीत तो निळा डबा.

"आई, लिफ्ट आली. आत ये," ती पुटपुटली. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचा एक गृहस्थ होता, तो भिंतीला चिकटून उभा राहिला. "आई, टॅक्सी. बस." टॅक्सीवाला समजूतदार निघाला. पूल आला की तोच गाडी हळू करायचा आणि म्हणायचा, "काकू, पूल आला हं." बीश्वांगला ते बरं वाटलं, कारण तिच्याच्याने मोठ्यांदा बोलवत नव्हतं. लाज नव्हे, दुःखही नव्हे. खरं सांगायचं तर तिला काहीच वाटत नव्हतं. सहा दिवसांत डोळ्यांतून टिपूस नाही. लोक कौतुकाने म्हणत होते, पोरगी खंबीर आहे. ती खंबीर नव्हती, ती फक्त फोनवर बसल्यासारखी बसली होती. समोरून जे विचारलं जाईल त्याचं उत्तर द्यायचं, की झालं.

आईसाठी शेजारची जागा घेतली होती, सात नंबरच्या रांगेत. शिडी चढताना तिने सांगितलं, "आई, शिडी. पायऱ्या सहा." आत सांगितलं, "ही तुझी जागा." आईच्या जागेवर तिने निळा डबा ठेवला आणि त्यावरून पट्टा लावला. हवाईसुंदरी, तरुण मुलगी, सगळं बघून पुढे गेली आणि मग ध्वनिक्षेपकावर म्हणाली, अंतर एकशे चाळीस किलोमीटर, वेळ चाळीस मिनिटं. बीश्वांगचे ओठ तिच्याबरोबर हलले.

विमान हललं आणि ती झोपली.

अठरा दिवस ती हॉस्पिटलच्या खुर्चीत बसली होती आणि त्यानंतरचे सहा दिवस नुसती पडून होती, डोळ्याला डोळा न लागता. हॉस्पिटलात मात्र अधूनमधून डुलकी लागायची. एकदा सकाळी नर्स आईवर चिडली होती. चादर ओली झाली होती आणि आजींनी घंटा वाजवली नव्हती. "घंटा कशाला दिलीय आजी? शोभेला?" आई ओशाळून म्हणाली होती, "पोरगी आत्ताच झोपली होती गं." तेव्हाही बीश्वांगला काही वाटलं नव्हतं, चादर बदलायला ती उठली होती, इतकंच.

खांद्यावर कुणीतरी हात ठेवला तेव्हा विमान रिकामं होतं. "ताई, मागोंग आलं," हवाईसुंदरी म्हणाली. बीश्वांग उठली, घडा सावरला, निशाण उचललं, शिडी उतरली. वाऱ्याने निशाणाचा कागद फाटायला आला, तो तिने अंगाशी धरला. बाहेर माओफा काळी छत्री घेऊन उभा होता, घड्यावर ऊन पडू नये म्हणून. त्याच्या दंडाला सुतकाची खूण म्हणून गोणपाटाचा तुकडा टाचलेला होता. त्याने बहिणीकडे पाहिलं.

"आलीस," तो म्हणाला. "तीन वर्षांनी."

"हो," ती म्हणाली.

मग तीन पूल. तिन्ही पुलांवर तिने न चुकता सांगितलं, "आई, पूल आला." आवाज तोच, फोनवरचा.

घराच्या अंगणात थोरला मामा बसला होता. आईच्या कार्यात मामाचा शब्द शेवटचा असतो, आणि या मामाला ऐंशीला टेकल्यावरही तो शब्द वापरायची हौस होती. शेजारी पुरोहित घंटी घेऊन उभा. घडा पाटावर ठेवला, निशाण रोवलं आणि पुरोहिताने बीश्वांगच्या हातात कौलाची लाकडं दिली. लाकडाच्या दोन चंद्रकोरी, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडली तर होकार. दोन्ही फुगीर अंगं वर आली तर नकार. आणि दोन्ही सपाट वर आली तर ज्याला विचारतोय तो नुसता हसतोय, प्रश्न नीट विचारा.

"आई, घरी आलीस का?" बीश्वांगने विचारलं आणि लाकडं टाकली.

दोन्ही सपाट.

"हसते काय जाओझी," मामा आईला नावाने म्हणाला. "नीट सांग."

दुसऱ्यांदा दोन्ही फुगीर. तिसऱ्यांदा पुन्हा दोन्ही सपाट. पुरोहिताने घंटी खाली ठेवली. उद्या सातवा दिवस. सातव्या दिवशी घरच्या देव्हाऱ्यापुढे पान मांडायचं, ते खायला जीव घरात हवा. घराबाहेर राहिलेल्या जीवाचं पान कुठे मांडणार? पुरोहिताने एवढंच विचारलं, "वाटेत सगळीकडे सांगितलंत ना?"

"सांगितलं," बीश्वांग म्हणाली. "लिफ्टला सांगितलं, टॅक्सीत सांगितलं, पुलांवर सांगितलं. शिडी चढताना सांगितलं." ती थांबली. "उतरताना नाही सांगितलं."

"म्हणजे?" माओफा.

"झोप लागली. जागी झाले आणि उतरले. आईला उतर म्हटलं नाही." मग तिला आणखी एक गोष्ट आठवली, आणि तीही तिने तशीच, यादी वाचावी तशी सांगितली. "तिचा डबाही जागेवर राहिला."

मग माओफा बोलला, आणि सहा दिवसांचं एकदम बोलला. "दिवसभर लोकांना सांगतेस ना गं, चाळीस मिनिटं, चाळीस मिनिटं? मग तेवढा वेळ डोळे उघडे ठेवता आले नाहीत? मी आणली असती तर अशी विमानात सोडून आलो असतो? मी रोज तिथे पेट्या उतरवतो, आजपर्यंत कुणाची पेटी मागे राहिली नाही. आणि तू आईला विसरून आलीस!"

"हो," बीश्वांग म्हणाली.

"हो काय, हो! निदान रड तरी!"

तिने रडायचा प्रयत्न केलासुद्धा. काही आलं नाही. हात मात्र बधिर झाले होते, लाकडं हातात आहेत की नाहीत ते बघायला तिला खाली बघावं लागलं.

"पुरे," मामाने काठी आपटली. "ओरडून विमान खाली येत नाही. माओफा, ते विमान आहे कुठे आत्ता?"

माओफाने फोन लावला. विमानतळावरची माणसं विमानाला नंबराने ओळखतात, हा पोच्यावरून ओळखायचा. "अरे, ते डाव्या दाराला पोचा असलेलं. सकाळचं. हां. हां." ऐकता ऐकता त्याचा आवाज उतरला. फोन ठेवून तो म्हणाला, "साडेदहाला परत काओश्युंगला गेलं. आता पावणेबाराला तिथून सुटेल, बारा पंचवीसला इथे टेकेल. अर्धा तास थांबेल आणि मग ताइपेइला जाईल. तपासणीला. दहा दिवस परत येणार नाही."

"म्हणजे म्हातारी हवेतल्या हवेत फेऱ्या मारतेय," मामा म्हणाला. "जन्मात मीठ विसरली म्हणून दुसऱ्यांदा दुकानात गेली नाही, बिनमिठाचं खायला घातलं आम्हाला. आणि आता बघ." तो हसला नाही. "किती वाजले?"

अकरा चाळीस झाले होते. घरापासून विमानतळ मोटारीने चाळीस मिनिटं.

घडा पुरोहिताच्या स्वाधीन करून तिघं निघाले. माओफाने गाडी अशी हाणली की मामा एका हाताने निशाण आणि दुसऱ्या हाताने दाराची कडी धरून बसला. मोठ्या पुलावर वाऱ्याने गाडी बाजूला सरकत होती. "हळू रे बाबा," मामा म्हणाला, "आणायला एकच माणूस आहे, त्यात भर नको." बीश्वांग मागे बसून बाहेर बघत होती. शेंगांचं शेत, निवडुंग, दगडी बांध, पुन्हा शेत. एका बांधाशी आई शेंगा वाळत घालायची. तिला एवढंच दिसलं की तो बांध कुणीतरी नीट लावला आहे.

"मी लावला," माओफा पुढून म्हणाला. आरशात त्याने तिला बघताना पाहिलं होतं. "मागच्या वर्षी पडला होता. तुला काय माहीत."

विमान टेकलं तेव्हा ते गाडी लावत होते. शिडीपाशी जायला माओफाकडे ओळखपत्र होतं. त्याचा साहेब सगळं ऐकून फक्त एवढंच म्हणाला, "पिवळं जाकीट घाल." म्हणून माओफा शोकाच्या कपड्यांवर पिवळं जाकीट चढवून, निशाण आणि काळी छत्री घेऊन पळाला. बीश्वांगला आत जाता येत नव्हतं. ती मामाबरोबर प्रवासी बाहेर येतात त्या काचेच्या दारापाशी उभी राहिली. काचेतून शिडी दिसत होती आणि शिडीच्या पायथ्याशी तिचा भाऊ, वाऱ्यात छत्री आणि निशाण दोन्ही हातांनी धरून, कोणी मोठा माणूस उतरणार असल्यासारखा.

"हाक मार," मामा म्हणाला.

"आई, मागोंग आलं. उतर."

"हे काय? तिकीट काढायचंय का कुणाला?" मामा डाफरला. "काचेपलीकडे जायला हवं ते. लहानपणी डबक्यात पाय कापला होता तेव्हा ओरडली होतीस की, पार गावात ऐकू आलं."

प्रवासी येऊ लागले, तसं दार उघडलं. टोप्या धरलेले पर्यटक, मासळीच्या खोक्यावर हात ठेवून एक माणूस, पिशव्या घेतलेल्या बायका. दारातून वारा आत घुसला. बीश्वांगने तोंड उघडलं.

"आई!"

तिचा तिलाच आवाज ओळखू आला नाही. पर्यटक दचकून थांबले. एक म्हणाला, "काय झालं?" पण पिशव्यावाली एक म्हातारी बेटावरची होती, तिला विचारावं लागलं नाही. तिने आपल्या पिशव्या एका बाजूला घेतल्या, शेजारणीला कोपराने सरकवलं, आणि दारातून मधोमध माणूसभर वाट मोकळी झाली. एकामागून एक सगळेच सरकले, का ते न कळता.

"आई, मागोंग आलं! उतर! पायऱ्या सहा आहेत! खाली दादा उभा आहे!"

शिडीच्या पायथ्याशी माओफाने छत्री थोडी पुढे झुकवली.

मामाने तिच्या हातात लाकडं दिली. तिने गुडघे टेकून विमानतळाच्या फरशीवर टाकली. "आई, उतरलीस का?"

दोन्ही सपाट. लाकडं सरकत एका पेटीच्या चाकाला जाऊन लागली, पेटीवाल्याने ती उचलून परत आणून दिली.

"पुन्हा हसते," मामा म्हणाला. तो वाकला, त्याचाही आवाज मऊ झाला. "जाओझी, पोरीवर रागावलीस का? मी विचारतोय, तुझा दादा. रागावलीस का?"

बीश्वांगने टाकली. दोन्ही फुगीर. नाही.

"रागही नाही, उतरायचंही नाही. मग म्हणणं काय आहे तुझं?" मामा हताश होऊन भिंतीला टेकला. घड्याळात बारा चाळीस झाले होते. बाहेर ताइपेइचं सामान विमानात चढवायला सुरुवात झाली होती. माओफा तिथेच होता, येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांना चुकवत.

बीश्वांग फरशीवर बसून राहिली. विमानातली जागा तिला दिसत होती. पट्टा लावलेला डबा, शेजारी आपण, मान एका बाजूला पडलेली, तोंड उघडं. आई शेजारी बसलेली. विमान थांबलंय, लोक उठतायत, आईला कळतंय की उतरायचंय. हाताशी घंटा आहे.

"आई," ती म्हणाली, आता ओरडून नाही. "मी आत्ताच झोपले होते, म्हणून तू उठवलं नाहीस ना?"

लाकडं पडली. एक सपाट, एक फुगीर.

बीश्वांगने ती दोन लाकडं बघितली आणि तिच्या पोटात कळ आली, अशी की तिने फरशीवर हात टेकला. सहा दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी दुखलं. रडू आलं नाही. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आता मी जागी आहे. बघ, पूर्ण जागी आहे. उतर आता."

एक सपाट, एक फुगीर.

"पुन्हा टाक," मामा म्हणाला. तिने टाकली. पुन्हा होकार. मामाने काचेतून काठी वर केली आणि बाहेर माओफाने ती पाहिली. त्याने छत्री तशीच उघडी धरून, कुणाच्या तरी चालीने, हळूहळू चालायला सुरुवात केली. बाराच्या उन्हात, वाऱ्यात, मागे न बघता. त्याच्या तोंडाची हालचाल दिसत होती, तो काहीतरी सांगत येत होता. आत आला तेव्हा त्याच्या काखेत निळा डबा होता.

"त्या मुलीने दिला," तो म्हणाला. "हवाईसुंदरीने. तिची आजी दक्षिणेच्या बेटावरची. म्हणाली, दोन्ही फेऱ्यांत त्या जागेवर कुणाला बसू दिलं नाही."

परतताना मामा पुढे बसला, मागे बीश्वांग, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवली. गाडी आता बेताने चालली होती. पहिल्या पुलावर ती मोठ्यांदा म्हणाली, "आई, पूल आला!" दुसऱ्या पुलावर माओफाही तिच्याबरोबर म्हणाला. मधल्या रस्त्यात तिला भूक लागली. खरीखुरी. तिने डबा उघडला. तळाशी पसरलेले दाणे, काहींना अर्धी सालं तशीच, मधेच एक न सोललेली शेंग. नरम पडले होते, मीठ मात्र लागत होतं. तिने मूठभर खाल्ले आणि पुढे हात केला. माओफाने रस्त्यावरची नजर न काढता तळहात मागे धरला.

"किती आहेत?" त्याने विचारलं.

"तळ झाकेल इतके."

"मी सोडली तेव्हा शेंगांची पिशवी भरलेली होती," तो म्हणाला. बराच वेळ चावत राहिला. "शिडीवर मला म्हणाली, श्वांगला घरी येऊन आता फार दिवस झाले रे. मी म्हटलं, येत नाही तर तू का मरतेस तिच्यासाठी. असं म्हटलं मी."

मोठा पूल आला. तो तिघांनी मिळून सांगितला.

अंगणात पुरोहित घड्याजवळ बसूनच होता. निशाण पुन्हा रोवलं. बीश्वांगने विचारलं, "आई, घरी आलीस का?" आणि पहिल्याच कौलाला होकार पडला. पुरोहिताने घंटी वाजवली, माओफाने घडा उचलला आणि मामाने दार सताड उघडलं. "आई, उंबरा आला. पाय उचल. आत ये," बीश्वांगने सांगितलं. घडा आत गेला, निशाण आत गेलं, उदबत्ती लागली. उद्याचं पान मांडायला देव्हाऱ्यापुढे जागा मोकळी केली.

ती अंगणातच उभी होती. आत जावं हे तिला सुचलंच नाही. आतला तीन वर्षांचा अंधार आणि आईच्या चपला ठेवायची ती फळी तिला बाहेरून दिसत होती. तिचं सगळं सांगून झालं होतं, आणखी काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं.

माओफा बाहेर आला. त्याने अजून पिवळं जाकीट काढलं नव्हतं. काळी छत्री त्याने उघडली, तिच्या डोक्यावर धरली, आणि मग एकेक शब्द नीट ऐकू जाईल असा म्हणाला,

"श्वांग, घर आलं. हा उंबरा. पाय उचल. आत ये."

तिने पाय उचलला.